दहा जणींचा जोहार

गिरधर मास्तरांचं तट्टू नाल्यात उतरताना दिसलं तेव्हा रूपलीबाई मोहाखाली फुलं वेचत होती, आणि ते बघून तिच्या टोपलीतली निम्मी फुलं खाली सांडली. मास्तर यायचे ते पुढच्या गुरुवारी. तसा निरोपच होता. पण हा माणूस निरोपाच्या आधी पोचणारा, आणि तपासणी असली की हमखास. रनाळ्याच्या शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला, वीस वर्षांपूर्वी मिशनात आला, आधी शाळामास्तर झाला, मग पाळक झाला, तरी कापणीआधी न सांगता शेताला फेरी मारायची सवय काही सुटली नाही.

ते कशाला येतायत हे उंबरपाड्याच्या कोंबड्यांनासुद्धा माहीत होतं. मिशनच्या कमिटीनं ठराव केला होता. ज्या पाड्यावर शास्त्र वाचता येणारे दहा सभासद असतील, तिथली मंडळी वेगळी राहील, वाचनघर राहील, पाट्यापुस्तकं राहतील. दहा नसतील तर पाडा खालच्या मोठ्या गावाला जोडायचा आणि पुस्तकं उचलून न्यायची. खालचं गाव चार कोस. आता तुम्हीच सांगा, पोटुशी बाई, लेकुरवाळी बाई, म्हातारी बाई, यातली कोण चार कोस चालून अक्षरं गिरवायला जाणार? वाचनघर गेलं की वाचन गेलं, इतकं ते सरळ होतं. आणि रूपलीबाई मिशनची बायबलबाई, म्हणजे बायकांना शास्त्र वाचून दाखवायला नेमलेली. तिनं पुस्तक परत करायचं आणि मुकाट्यानं चुलीपुढं बसायचं.

पुस्तक परत करणं तिला सोपं नव्हतं. तिला आईबापाचं तोंड आठवत नव्हतं. संवत छपन्नच्या मोठ्या दुष्काळात कुणीतरी तिला मिशनच्या ओसरीवर आणून ठेवलं, तेव्हा ती पालथीसुद्धा पडत नव्हती म्हणे. मिशनच्या मडमेनं तिला वाढवलं आणि वाचायला शिकवलं. पुढं उंबरपाड्याच्या दिलवरसिंगाशी लग्न झालं तेव्हा माहेरची म्हणून जी एक वस्तू तिच्याबरोबर आली, ती म्हणजे हे काळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक. तेही मिशनच्या मालकीचं.

तर मास्तर आले. तट्टू बांधलं, पाणी प्याले, पाड्यावर नजर फिरवली. जिकडंतिकडं अंगणात मोहाची फुलं वाळत घातलेली, आणि जिकडंतिकडं बायका.

“पुरुष मंडळी कुठं आहे?” मास्तर म्हणाले.

“कुपावर,” रूपलीबाई म्हणाली. “होळी झाली तशी लाकूडतोडीला गेली. आता पाऊस पडेपर्यंत यायची नाहीत.”

“वाचणारे पण?”

“वाचणारे सहाच होते मास्तर. सहाही गेले. माझा नवरा धरून.”

मास्तरांनी नोंदवही मांडीवर घेतली आणि चष्मा पुसला. मास्तर चष्मा पुसायला लागले की वाईट बातमी येणार, हे सगळ्या मिशनाला माहीत होतं. “म्हणजे सगळे घरी असते तरी सहाच,” ते म्हणाले. “रूपलीबाई, मला वाईट वाटतं. तुम्ही कष्ट केलेत. पण ठराव तो ठराव.”

आणि रूपलीबाई अगदी शांतपणे म्हणाली, “दहा आहेत मास्तर. बसा तुम्ही, मी बोलावते.”

हे दहाचं प्रकरण कसं घडलं ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

तीन वर्षांमागची गोष्ट. दुपारी मोह वेचून, भाकरी खाऊन बायका वाचनघरात टेकायच्या. वाचनघर म्हणजे काय, कुडाच्या भिंती आणि वर गवत. रूपलीबाई वाचायची, बायका ऐकत ऐकत डुलक्या घ्यायच्या. हे चालायचंच. त्या दिवशी ती पौल प्रेषितानं रोम शहरातल्या मंडळीला लिहिलेलं पत्र वाचत होती. मोठं अवघड पत्र आहे ते. सोळा अध्याय, आणि पंधराव्यापर्यंत येता येता जाग्या राहिलेल्या बायका दोनच. शेवटच्या अध्यायात नुसती नावं आहेत. अमक्याला सलाम सांगा, तमकीला सलाम सांगा. पाळक लोक हा अध्याय कधी वाचत नाहीत, नावांत काय उपदेश असणार? रूपलीबाईही पान उलटणार होती, पण मडमेनं लावलेली सवय, सुरू केलं ते संपवायचं. म्हणून ती वाचत गेली, आणि ‘सलाम’ या शब्दाच्या जागी आपल्या डोंगरातला शब्द घालत गेली. अमक्याला जोहार. तमकीला जोहार.

जोहार म्हटल्याबरोबर बायका जाग्या झाल्या. एकूण एक.

कारण डोंगरात जोहार ही हलकी गोष्ट नाही. परगावाहून कुणी निरोप घेऊन आला, की तो आधी उंबऱ्यावर उभा राहून त्या गावच्या एकेका माणसाचं नाव घेऊन जोहार सांगतो, आणि ज्याचं नाव येईल त्यानं तिथल्या तिथं उलटा जोहार घालायचा असतो. तो घरात नसला तर घरातलं दुसरं कुणी घालतं. उत्तर झाल्याशिवाय निरोप्या मूळ गोष्ट बोलायला तोंड उघडत नाही. आणि जोहार अंगावर तसाच पडू दिला, तर लोक सोयरीक मोडतात.

“उत्तर दिलं का त्यांनी?” तुळशीबाई म्हणाली. तुळशीबाई पाड्यातली सगळ्यात थोरली. तिच्या सुनेला सून आलेली. डोळ्यांवर साय यायला लागली होती, पण जीभ शाबूत.

“कुणी?”

“ज्यांना जोहार घातला त्यांनी.”

रूपलीबाईनं अध्याय खालीवर बघितला. “नाही इथं काही लिहिलेलं.”

“पुढच्या पानावर बघ.”

पुढच्या पानावर दुसरंच पत्र सुरू झालं होतं. रूपलीबाईनं समजावून सांगितलं, की ही फार जुनी माणसं, मरून अठराशे वर्षं झाली. पण तुळशीबाई काही ऐकेना. मेलेला असला तर त्याच्या घरातल्यानं द्यायचं, म्हणाली. तूच सांगतेस ना, की येशूला मानणारे सगळे एका घरचे? मग एवढी वर्षं एवढे जोहार तसेच पडलेत आणि आपण ऐकून घेऊन मोहाची फुलं वेचायला जायचं? लाज वाटत नाही?

 मिशनात लहानाची मोठी झाली, तरी रूपलीबाईला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता.

मग नावांची वाटणी झाली. बायकांनी फक्त बायकांची नावं घेतली. पुरुषांचं काय ते त्यांचे पुरुष बघतील, म्हणाल्या. रूपलीबाईनं बोटावर मोजली. त्या अध्यायात बायका निघाल्या दहा. प्रिस्का एकीनं घेतली, मरीया एकीनं, युनिया, युलिया, पर्सिस. त्रुफैना आणि त्रुफोसा ही जोडी बघून दोन जावा भांडल्या, कारण दोघींना त्रुफैना हवी होती. यादीतल्या दोघींना तर नावंच नव्हती. एक नुसती रूफाची आई, एक नुसती नीरियाची बहीण. त्या कुणी घेईना. शेवटी जसोदाबाई म्हणाली, “आई मला द्या. मला तरी कोण नावानं हाक मारतं?” हे ऐकल्यावर नीरियाची बहीणही लगेच खपली.

तुळशीबाईनं घेतली फीबी. वास्तविक फीबीला जोहार नाहीच. तिच्याबद्दल पौल एवढंच लिहितो, की ही आपली बहीण, मंडळीची सेविका, तुमच्याकडं येतेय, तिला नीट वागवा. “म्हणजे पत्र घेऊन चालली ती हीच?” तुळशीबाईनं विचारलं. मडमेनं तसंच शिकवलं होतं, म्हणून रूपलीबाई हो म्हणाली. “मग मला हीच दे,” तुळशीबाई म्हणाली. “बाकीच्यांना घरबसल्या जोहार आले. चालून चालून पाय हिचे मोडले.”

आता ज्या नावाचं उत्तर द्यायचं, ते नाव पानावर कुठं आहे ते दिसायला नको? म्हणून प्रत्येकीला आपलं नाव ओळखायचं होतं. नाव ओळखायला अक्षरं लागली. त्रुफैनासारखं नाव वाचायला शिकलेल्या बाईला पुढं कसलं जोडाक्षर अडवणार? पहिल्या पावसाळ्यात नावं झाली, दुसऱ्या पावसाळ्यात ओळी, आणि तिसऱ्यात बायका रूपलीबाईच्या हातातून पुस्तक ओढून घ्यायला लागल्या. आदल्या रविवारी काय वाचलं यावरून पाणवठ्यावर वाद घालायला लागल्या. नवऱ्यांना हे माहीत होतं का? माहीत होतं. पण बायका दुपारी बसून जुन्या लोकांचे जोहार परत करतात, यात कुठल्या नवऱ्याला लक्ष घालावंसं वाटेल?

तर त्या दिवशी त्या दहाही जणी वाचनघरात मास्तरांपुढं येऊन बसल्या. कुणाच्या हाताला मोहाचा चिकटा, कुणाच्या मांडीवर पोर.

मास्तरांनी त्यांच्याकडं बघितलं, नोंदवहीकडं बघितलं. “रूपलीबाई, या नोंदवहीत नाहीत.”

“आहेत की.”

मास्तरांनी वही तिच्यापुढं धरली. खरंच होत्या. करमसिंग व पत्नी. दलसिंग व पत्नी. सुरुपसिंगाची आई. रूपलीबाईनं ती वही आजवर दुरून पाहिली होती, जवळून पहिल्यांदाच बघत होती, आणि तिला रूफाची आई आठवली. तिला राग आला. मास्तरांचा नव्हे, त्या वहीचा.

“मास्तर, ठरावात सभासद म्हटलंय. या सभासद आहेत, बाप्तिस्मा घेतलेल्या आहेत. वाचतात का ते बघा, आणि मग काय ते ठरवा.”

“वाचत असतील,” मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज काही कठोर नव्हता, आणि रूपलीबाईला तेच जास्त टोचलं. “पण वाचता येणारे दहा कशाला हवेत? मंडळीत उभं राहून शास्त्र वाचायला. आणि मंडळीत बायकांनी गप्प राहावं असं त्याच शास्त्रात आहे. पौलानंच लिहिलंय. मी माझ्या पदरचं काही सांगत नाही.”

 ते वाक्य रूपलीबाईला माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं, आणि दरवेळी ती ते भरभर वाचून पुढं जायची, काटेरी कुंपणाजवळून लुगडं सावरून जावं तशी. तिला एकदम भीती वाटली.  पुस्तक हातातून जाणार, आज ना उद्या जाणारच, असं वाटून तिनं ते छातीशी धरलं.

“आधी परीक्षा घ्या,” ती म्हणाली. “मग गप्प बसवा.”

मास्तर हसले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी परीक्षा घ्यायला सुरुवात केली, आणि चांगली कसून घेतली. पाठ केलेलं चालणार नाही, म्हणाले, आणि पुस्तक मधूनच कुठंही उघडून पुढं करायला लागले. प्रिस्कावाली धडाधड वाचून गेली. मरीयावाली अडखळली, पण सुटली. दोघी जावांनी एकीनं चुकावं आणि दुसरीनं खोकावं असं करत करत निभावलं. जसोदाबाई वाचताना मांडीवरचं पोर रडायला लागलं, तर तिनं त्याला पदराखाली घेतलं आणि ओळ न सोडता वाचत राहिली. मास्तरांनी मान खाली घातली, पण पेन्सिलीनं रेघ मारली. नऊ रेघा झाल्या.

दहावी तुळशीबाई.

आता मास्तरांनी काय करावं? त्यांनी मुद्दाम केलं, का पान आपोआप उघडलं, हे ते स्वतः पुढं कधी बोलले नाहीत. पण त्यांनी म्हातारीपुढं ठेवलं ते नेमकं तेच पान, करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रातलं, आणि बोट ठेवलं ते त्याच ओळीवर. रूपलीबाईनं ते लांबूनच ओळखलं.

तुळशीबाईनं पुस्तक उचललं, हात लांब केला, डोळे बारीक केले. मग उठली आणि उजेडासाठी दारात जाऊन उभी राहिली. एकेक अक्षर ती असं वाचत होती, की जणू प्रत्येकाला विचारतेय तू कोण, कुणाचा. बा. य. का. मध्ये एका जोडाक्षराशी थांबली, तेव्हा बाहेर अंगणात कोंबड्या फुलं उधळत होत्या, आणि एकही बाई हाकलायला उठली नाही. रूपलीबाईला जाऊन कानात सांगावंसं वाटत होतं. तिनं स्वतःचा पदर मुठीत आवळून धरला. म्हातारीनं ते अक्षर सोडवलं आणि पुढं निघाली. बायकांनी मंडळीत गप्प बसावं. काही विचारायचं असेल तर घरी नवऱ्याला विचारावं. सगळं वाचलं. शेवटच्या टिंबापर्यंत वाचलं, आणि पुस्तक मिटून मास्तरांकडं वळली.

“माझा नवरा मरून सोळा वर्षं झाली,” तुळशीबाई म्हणाली. ती मास्तरांनाही ‘तू’च म्हणायची. डोंगरात सगळ्यांना तूच म्हणतात, देवालासुद्धा. “आणि यांचे सगळे कुपावर. मग मी तुलाच विचारते, चालेल?”

“विचारा.”

“हे पत्र कुणी नेलं?”

मास्तरांनी आठवून बघितलं. “या पत्रासोबत कोण गेलं हे नक्की सांगता येणार नाही.”

“आणि ते दुसरं? जोहारांचं? रोमला?”

“ते... फीबीनं. फीबी नावाच्या बाईनं.”

“म्हणजे पौलानं एवढं सोळा अध्यायांचं पत्र लिहिलं आणि बाईच्या हाती दिलं. पुरुष नव्हते त्याच्याकडं?”

“पुष्कळ होते.”

“बरं. मग ही बाई समुद्र ओलांडून गेली, तिथं पोचली. सगळी मंडळी जमली असेल. कुणाला कळलं नाही, इथं पौलाला काय म्हणायचंय. पौल तर तिकडं लांब. तेव्हा त्यांनी कुणाला विचारलं?”

मास्तर नोंदवहीची पानं चाळायला लागले.

“आमच्यात निरोप्याला विचारतात,” तुळशीबाई म्हणाली. “निरोप आणणारा गाठोडं टाकून भिंतीशी तोंड करून बसत नाही. उंबऱ्यावर उभा राहून जोहार घालतो, निरोप सांगतो, आणि विचारतील त्याचं उत्तर देतो. ते जमणार नसेल त्याला आम्ही पाठवतच नाही. पौल हुशार माणूस होता ना?”

“तसं लिहिलेलं नाही,” मास्तर हळू म्हणाले. “तिनं वाचलं असं कुठं लिहिलेलं नाही.”

“गप्प बसली असंही कुठं लिहिलेलं नाही,” रूपलीबाई म्हणाली.

तिला कळलंच नाही आपण बोललो ते. पण बोलून गेली, आणि बोलल्यावर तिला लहानपणापासूनची ती काटेरी ओळ आठवली, आणि तिची भीती वाटेना. तिनं पुस्तक तुळशीबाईच्या हातून घेतलं. “मास्तर, पौलानं एका गावच्या बायकांना गप्प बसायला सांगितलं. का सांगितलं ते त्या गावाला ठाऊक. दुसऱ्या गावाला त्यानं बाईच पाठवली. मी दोन्ही वाचते. तुम्ही एकच वाचता.”

 पाळकाला असं कुणी बोलत नसतं. जसोदाबाईनं तर डोळेच मिटून घेतले होते.

मास्तरांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसताच हातात धरून बसले. मग बोलले ते कमिटीच्या भाषेत नव्हतं, रनाळ्याच्या भाषेत होतं.

“मन्ही मायले वाचता येत नव्हतं,” ते म्हणाले.

मग सांगितलं. मिशनात गेल्यावर त्यांनी घरी पत्र लिहिलं होतं, मी बाप्तिस्मा घेतला म्हणून. आईला लिहिलं, कारण बाप ऐकून घेणार नाही हे ठाऊक होतं. भिकुबाई तिचं नाव. ते पत्र घेऊन ती पारावर गेली आणि दिसेल त्याच्या हाती देऊन म्हणाली, माझ्या गिरधरचं पत्र आलंय, मोठ्यानं वाच रे, सगळ्यांना ऐकू दे. त्यानं वाचलं. साऱ्या गावासमोर वाचलं. आपला मुलगा धर्म सोडून गेला हे तिला पारावर, साठ माणसांच्या मधे उभं राहून कळलं. पदर डोक्यावरून ओढून ती घरी गेली, आणि मेली तोवर पुन्हा कधी पाराकडं फिरकली नाही.

“तिले वाचता येतं, तर घरमा बसीसन वाचती,” मास्तर म्हणाले. “रडती. पन घरमा रडती.”

  तुळशीबाईनं पुढं होऊन मास्तरांच्या डोक्यावर हात ठेवला, पाळक असले म्हणून काय झालं, आणि मास्तरांनी तो राहू दिला.

थोड्या वेळानं त्यांनी चष्मा लावला, पेन्सिल घेतली, दहावी रेघ मारली. मग कागद काढून कमिटीला पत्र लिहायला बसले. त्यांचं एकट्याचं चालणार नव्हतं. शेवटचा शब्द कमिटीचा, आणि मास्तर धरून ती सात माणसं शनिवारी मिशनच्या ठाण्यावर जमणार होती. पत्र लिहून झालं, घडी झाली. मास्तर ते खिशात घालता घालता थांबले.

“मला अजून तीन पाडे बघायचेत,” ते म्हणाले. हे खोटं नव्हतं, पण अगदी खरंही नव्हतं. ते तिन्ही पाडे ठाण्याच्याच वाटेवर होते. “हे पत्र तुम्ही न्या, रूपलीबाई.”

शनिवारी पहाटे फटफटायला लागल्यावर रूपलीबाई निघाली. तुळशीबाई म्हणाली मी येणार, आणि आली. काठी टेकत, थांबत, मोहाखाली बसत. चिंचपाड्याच्या स्टेशनावर दोघींनी पाणी पिऊन घेतलं, आणि दुपारपर्यंत ठाण्याच्या बंगल्यावर पोचल्या. तुळशीबाई ओसरीच्या पायरीवर टेकली. रूपलीबाई आत गेली.

सात जण टेबलाभोवती बसलेले. मध्ये गोरे पाद्रीसाहेब, दोन बाजूंना सहा पाळक, कोपऱ्यात वही घेऊन रेवजी कारकून. गिरधर मास्तरही त्या सहांतच होते. त्यांनी तिच्याकडं ओळखीचं बघितलं नाही. साहेबांनी हात पुढं केला. “पत्र द्या, बाई. आणि बाहेर बसा.”

लहानपणी याच खोलीत ती फरशी पुसायची. तो हात पुढं आला की हातात असेल ते द्यायचं, ही तिची सवय. हात आपोआप उठलासुद्धा. मग तिनं तो खाली घेतला.

“साहेब, पत्र मी आणलंय,” ती म्हणाली. “मी वाचून दाखवते. काही विचारायचं असेल तर मलाच विचारा. पण आमच्यात आधी जोहार असतो.”

कुणी काही बोलायच्या आत तिनं सुरू केलं. उंबऱ्यावर उभं राहून बोलतात तशी, उभ्यानं, मोकळ्या आवाजात. उंबरपाड्याच्या तुळशीबाईचा पाद्रीसाहेबांना जोहार, असं म्हणाली आणि थांबली.

खोलीत सगळे तिच्याकडं बघत राहिले. ती थांबूनच होती. डोंगरातली बाई उत्तराची वाट बघायला लागली की तिला घाई नसते. साहेबांनी इकडंतिकडं बघितलं. आपल्याला काय करायचंय हे त्यांना कळेना. तेव्हा टेबलाच्या टोकाला खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. गिरधर मास्तर उठून उभे राहिले होते.

“उत्तर द्यायचं असतं, साहेब,” ते म्हणाले. “नाव घेऊन.”

साहेब उठले. मोठा धिप्पाड माणूस, मराठी तोंडातल्या तोंडात बोलणारा. “तुळशीबाईला जोहार,” ते म्हणाले.

मग रूपलीबाई पुढं गेली. जसोदाबाईचा जोहार एका पाळकाला, दोघी जावांचा दोघांना, प्रत्येकीचं नाव, पुरतं नाव, आणि दरवेळी थांबायची, आणि दरवेळी एक पाळक खुर्चीतून उठून ते नाव आपल्या तोंडानं घ्यायचा. एकाला नाव नीट आलं नाही तर तिनं परत सांगितलं. नावं दहा आणि माणसं सात, तेव्हा साहेबांना आणि दोघांना पुन्हा उठावं लागलं. दहाव्या जोहाराचं उत्तर झाल्यावरच तिनं पत्राची घडी उलगडली आणि वाचायला सुरुवात केली. मध्ये दोघांनी प्रश्न विचारले. तिनं उत्तरं दिली. एक उत्तर पटलं नाही, तर त्यांनी पुन्हा विचारलं, आणि तिनं पुन्हा सांगितलं.

साहेबांनी दोन्ही बाजूंना बघितलं. सगळे हात वर आले नाहीत, पण पाच आले, आणि तेवढे पुरेसे होते. मग ते रेवजीला म्हणाले, “उंबरपाडा. वेगळं पान घ्या.”

रेवजीनं टाक बुडवला आणि सवयीनं विचारलं, “कुणाची पत्नी लिहू?”

“नाव लिही,” साहेब म्हणाले. “आत्ताच ऐकलंस ना?”

ती बाहेर आली तेव्हा ऊन पायरीवरून सरकलं होतं आणि तुळशीबाई काठीवर हनुवटी टेकून बसली होती. तिनं मंडळी राहिली का विचारलं नाही. पुस्तकाचंही विचारलं नाही.

“उत्तर दिलं का त्यांनी?”

“दिलं,” रूपलीबाई म्हणाली. “एकूण एकानं. उभं राहून.”

म्हातारीनं मान डोलावली आणि उठायला हात पुढं केला. रूपलीबाईनं पुस्तक एका काखेत घातलं, दुसऱ्या हातानं तिला उठवलं, आणि दोघी पाड्याच्या वाटेला लागल्या.